चार इंच अण्णांचे

कोटाचं बटण एका बाजूला, काज दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये जोगळेकर साहेब.

शिंप्याच्या दुकानातली गोष्ट म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काय येतं ते मला ठाऊक आहे. आता बटण उडणार, कोणाच्या तरी कॉफीत पडणार, सगळे हसणार. तर तसं काही झालं नाही. बटण उडायला ते आधी लागावं लागतं. आमचं काजापर्यंत पोचलंच नव्हतं. मग तुम्ही म्हणाल, कापड आटलं असेल. नाही. ओलं फडकं घालून मी स्वतः त्यावर इस्त्री फिरवली होती. मग कटिंग चुकलं असेल? कटिंग आमच्या अण्णांचं. त्यांची कात्री चुकली असं म्हणणारा माणूस बंगळूरच्या अख्ख्या चिकपेठेत सापडायचा नाही.

मग चार इंच गेले कुठे?

साहेबांनी पोट आत ओढलं. अण्णांनी कोटाचे दोन्ही पल्ले धरून ओढले. मी मागून धरलं. काही नाही. साहेबांचा चेहरा उतरला. ते आरशात बघून हळूच म्हणाले, "पाच दिवसांत?"

शुक्रवारची दुपार होती. शनिवारी सकाळी दहाला त्यांचा बॉस त्यांना त्या सुटात बघणार होता.

आता मागे जातो. आधी मी कोण ते सांगतो. मी दत्तू, निपाणीचा. मॅट्रिकपर्यंत शिकलो. शाळेत माझं नाव अभ्यासासाठी कोणी घेतलं नाही, पण हेडमास्तरांच्या आवाजात मी एकदा अख्खी शाळा अर्धा तास आधी सोडून दिली होती. त्यानंतर वडिलांनी मला बंगळूरला अण्णांकडे धाडलं. अण्णा म्हणजे दुकानाचे मालक आणि कटर मास्टर. आमच्याच शिंपी समाजातले, पण पिढ्यान् पिढ्या इथले. मराठी बोलतात, रागावले की कानडीत बोलतात. त्यांची थोरली बहीण येसूअक्का. ती काउंटरवर बसायची आणि मापाचं पुस्तक लिहायची. ती कायम रागावलेली असायची, त्यामुळे तिचं कानडी मला लवकर पाठ झालं.

जोगळेकर साहेब रविवारी आले. मूळचे सांगलीचे, यशवंतपूरकडच्या एका मशीनच्या सरकारी कारखान्यात सेल्सला. वय पस्तीसेक. अंगाने भरपूर. दारातून आत आले ते तिरके होऊन, दाराला लागू नये म्हणून नाही, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.

"सूट शिवायचाय," ते म्हणाले. "पण आधी सांगतो, पैसे एकाच साध्या सुटाचे आहेत. आणि तो महिनाभर पुरला पाहिजे. कलकत्ता, कानपूर, दिल्ली. सगळं ट्रेनने."

"एका सुटावर महिना?" मी म्हटलं.

"पहिल्यांदाच पाठवतायत हो. सहा वर्षं मी मशीनची माहिती लिहून देतो आणि दुसरा कोणीतरी जाऊन ती बोलतो. या वेळी बॉस म्हणाले, जोगळेकर, मशीन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण गिऱ्हाईक मशीनच्या आधी तुम्हाला बघतं. शनिवारी सकाळी तयार होऊन केबिनमध्ये या. ठीक दिसलात तर संध्याकाळची गाडी तुमची. नाहीतर दुसऱ्याला पाठवतो."

बोलताना त्यांनी अंगातल्या कोटाची टोकं मुठीत धरली होती. तो कोट तपकिरी, चकचकीत, दुहेरी बटणांचा. जाड माणसाला असा कोट शिवणाऱ्याला मी कधी भेटलो तर चार शब्द सुनावणार आहे. चकचकीत कापडावर उजेड पडतो, आणि तो नेमका जिथे पुढे आलेलं असतं तिथेच पडतो. दुहेरी बटणं म्हणजे पोटावर कापडाचे दोन थर. ज्याच्याकडे आधीच आहे त्याला आणखी कशाला द्यायचं?

अण्णांनी वरून, माळ्यावरून, हाक मारली. "दत्तू, कट पीस दाखव."

कट पीस म्हणजे ठाणाच्या शेवटी उरलेला तुकडा. अर्ध्या किमतीत मिळतो. फक्त एक अट. आहे तेवढंच कापड, त्यातलं आणखी मागायला गेलात तर मिळत नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी तीन तुकडे काढले. एक लिनन, एक सुती गॅबर्डीन, आणि एक टेरीवूल. टेरीवूल तेव्हा बाजारात नवीनच होतं, लोकर आणि टेरिलीन एकत्र. रंग गडद निळा, त्यात जेमतेम दिसेल अशी उभी रेघ. मी तिन्ही घड्या करून बाकावर ठेवल्या.

"साहेब, जरा यावर बसा."

"यावर? कापडावर?"

"ट्रेनमध्ये दोन रात्री बसणार ना तुम्ही? मग परीक्षा आत्ताच होऊ दे. तुम्ही एकावर बसा, कॉफी प्या. मग दुसऱ्यावर."

साहेब माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. मग ते एकदम हसले. म्हणाले, "अहो, माझ्या वजनाचा कोणाला उपयोग झालेला हा पहिलाच प्रसंग." आणि बसले.

तीन कॉफ्या झाल्या. लिनन उठलं ते जुन्या नकाशासारखं. गॅबर्डीनवर बाकाच्या फळ्या मोजता येत होत्या. टेरीवूल मी झटकलं आणि ते जसं होतं तसं झालं. साहेबांनी हात लावून बघितलं. "याला काही झालंच नाही की!"

मग मी त्यांना बेत सांगितला. कोट एकच, एका ओळीत दोन बटणं, लांबी अर्धा इंच जास्त. पँटी दोन, कारण प्रवासात कोट खुंटीला असतो, झिजते ती पँट. पँट वर, खऱ्या कमरेवर. पोटाखाली पट्टा बांधला की पोट वरून लोंबतं. खांद्यावरून गॅलिसचे पट्टे घेतले की पँट सरळ पडते, माणूस उंच दिसतो. पायाशी दुमड नको, ती पायाला आडवी कापते. शर्ट नवा एकच, टेरिलीनचा, रात्री धुवा, सकाळी घाला. बाकी दोन घरचेच पॉपलिनचे आणा, कॉलर उसवून उलटी लावून देतो, नवे दिसतील.

"एवढं सगळं बसेल? पैशांत?"

वरून अण्णांचा आवाज. "स्वल्प कमी पडलं तर शिलाईत बघू. माप घे, दत्तू."

आता मापाची आमच्या दुकानातली रीत सांगायला हवी, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

माप पडद्याआड घेतात. पण लिहितात बाहेर, काउंटरवर. म्हणजे मापाचा आकडा मोठ्याने सांगावा लागतो, आणि तो बाहेर बसलेली चार गिऱ्हाइकं ऐकतात. छाती अठ्ठेचाळीस म्हटलं तर माणूस खूश होतो. पोट अठ्ठेचाळीस म्हटलं तर पुन्हा दुकानात येत नाही. म्हणून अण्णांनी फार पूर्वीच एक शिस्त घातली होती. भरलेला माणूस असला की पोटाचा आकडा चार इंच कमी करून सांगायचा. अक्काला हे ठाऊक. ती पुस्तकात चार मिळवून लिहायची. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर मात्र सांगितलेलाच आकडा. गिऱ्हाईक खूश, कापड बरोबर.

आणि आता माझं पाप. अण्णांचे गुडघे दुखायला लागल्यापासून ते माळ्यावरून फारसे उतरत नसत. माप मीच घ्यायचो. माळ्याचा जिना पडद्याच्या आतच, त्यामुळे अण्णा खाली आलेत का नाही हे बाहेरून दिसत नाही. पहिल्या दिवशी मी गंमत म्हणून अण्णांच्या आवाजात आकडे सांगितले. त्यांचा आवाज सोपा आहे, नाकात निम्मा आणि सुपारीत निम्मा. बाहेरची गिऱ्हाइकं म्हणाली, वा, मास्टर स्वतः माप घेतायत. अक्काने निमूट लिहिलं. झालं, मग मी तेच चालू ठेवलं. चार महिने. वर अण्णांचं मशीन खडखडत असायचं, त्यांना पत्ताच नाही.

त्या रविवारी साहेबांच्या पोटाभोवती टेप गुंडाळला. अठ्ठेचाळीस. साहेब माझ्या कानाशी आले. "जरा हळू सांगा हो. बाहेर आमच्या ऑफिसचा एक जण बसलाय."

साहेब कापडावर बसताना हसले होते. आता हसत नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, नक्कल करावीशी वाटली नाही. म्हटलं, आज चेष्टा नको. मी माझ्या स्वतःच्या आवाजात, नीट, सभ्यपणे सांगितलं,

"पोट चव्वेचाळीस!"

साहेबांनी माझा दंड दाबला. थँक्यू म्हणून नाही, आनंदाने. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

बस्स. एवढंच झालं होतं. मधलं कच्चं ट्रायल घ्यायला साहेबांना सुट्टी नव्हती. अण्णांनी पुस्तक बघून कापलं, आम्ही शिवलं, आणि शुक्रवारी दुपारी कोट घालून ते आरशासमोर उभे राहिले.

"पाच दिवसांत चार इंच?" साहेब पुन्हा म्हणाले. खिशातून त्यांनी आमची चिठ्ठी काढली. जपून घडी केलेली. "चव्वेचाळीस लिहिलंय. मी घरी जाऊन बायकोला दाखवली. गेल्या वर्षी सत्तेचाळीस होतो. म्हटलं, अगं, उतरलो! सकाळी चालायला जातोय त्याचा गुण आला. तिने त्या आनंदात जिलेब्या केल्या. मी खाल्ल्या. किती खाल्ल्या असतील? चार इंच येतील एवढ्या?"

कोणी हसलं नाही. मी तर नाहीच.

अण्णांनी टेप घेतला. स्वतः वाकून माप घेतलं. मग पडदा सारून पुस्तक ओढून घेतलं.

"अक्का, अठ्ठेचाळीस आहे. चव्वेचाळीस का लिहिलंस?"

"चव्वेचाळीसच ओरडलं आतून."

"मग चार मिळवायचे ना!"

"तू सांगितलंस की मिळवते. त्या दिवशी हा दत्तू ओरडला, त्याच्या आवाजात. पोरं खरा आकडा सांगतात. चार इंच अण्णाचे. पोरांना कोणी दिले?"

"दत्तूच सांगतो की नेहमी! मी चार महिने खाली उतरून माप घेतलेलं नाही."

अक्काने चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"रोज?" ती म्हणाली. "रोज सकाळ-संध्याकाळ तू नव्हतास?"

मी अण्णांच्या आवाजात "नाही" म्हणालो नाही. पण सवयीने ओठांवर आलं होतं.

जोगळेकर साहेब कोट काढत होते. शांतपणे. एक बाही, मग दुसरी. "म्हणजे मी अठ्ठेचाळीस होतोच," ते म्हणाले. "तुम्ही मला बरं वाटावं म्हणून..."

"रीत आहे साहेब आमची," अण्णा म्हणाले. त्यांचीही मान खाली होती.

"मास्टर, बरं वाटून मी काय करू? उद्या दहाला मला केबिनमध्ये उभं राहायचंय." मग ते काउंटरकडे वळले. दुकानात तीन माणसं बसलेली. त्यांच्यादेखत, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अक्का, लिहा. पोट अठ्ठेचाळीस. खोडून लिहा, मला दिसू दे."

अक्काने लिहिलं. पुस्तक त्यांच्याकडे फिरवलं.

आता कापड. कट पीस होता, सांगितलंच. आमच्याकडे त्यातला वीतभर तुकडा शिल्लक नाही. शिवणीत आम्ही दाब ठेवतो, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, पण तो सोडून एक इंच मिळाला असता. अण्णा कोट टेबलावर पसरून बघत बसले. मी दुसरी पँट बघत होतो. तीही लहानच होती. दोन्ही पँटी लहान. आणि मग मला दिसलं की दोन लहान पँटींत एक मोठा कोट आणि एक मोठी पँट लपलेली आहे.

"अण्णा, ही उसवू."

"शिवलेली पँट?"

"पाय लांब सरळ आहेत. उभी रेघ तीच. कोटाच्या दोन्ही कुशींत कळी घालू, उरलेल्यात पहिली पँट वाढवू."

कळी म्हणजे पाचरीसारखी पट्टी. वर बगलेशी निमुळती, खाली रुंद. झब्ब्याला असते तशी. सुटाच्या कोटाला कोणी घालत नाही. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना कोटाला नाडी लावायला सांगितली. मग त्यांनी खडू उचलला. रेघ ओढली.

"साहेब, दुसरी पँट गेली तुमची," मी म्हटलं. "घरी जुनी आहे का एखादी? करडी वगैरे?"

"लग्नातली आहे. फ्लॅनेलची. पण ती तर..."

"आणा. लग्नाच्या कपड्यात शिंपी दाब भरपूर ठेवतो. नवरा पुढे काय होणार ते त्याला ठाऊक असतं."

त्या दुपारी पहिल्यांदाच साहेब हसले. बस पकडून मल्लेश्वरमला गेले, पँट घेऊन आले. तिच्यात खरंच दोन्हीकडे मिळून तीन इंच होते. उरलेला इंच मागच्या शिवणीत पाचर मारून काढला. कोटाखाली कोण बघतंय? अण्णा गुडघे विसरून मशीनवर बसले. मी हाताची शिलाई केली. अक्काने काजं बघितली. चार तास कोणी कोणाशी बोललं नाही. माझ्यासारख्याला ती शिक्षा फाशीच्या जवळची.

दिवेलागणीला साहेब आरशासमोर उभे राहिले. कोट मिटला. बटण काजात गेलं, सहज, स्वतःहून गेल्यासारखं. आणि मग आम्ही तिघं एकदम पुढे झालो. कारण बगलेपासून खालपर्यंत जाणाऱ्या त्या दोन शिवणींनी साहेबांना कडेने कापून काढलं होतं. समोरून बघितलं तर नजर त्या दोन शिवणींच्या आतच राहायची. बाहेरचे साहेब दिसायचेच नाहीत. आम्ही जन्मभर शिवून जे जमलं नव्हतं ते चूक निस्तरताना जमलं.

अण्णा इतकंच म्हणाले, "अय्यो."

शनिवारी सकाळी अकराला शेजारच्या दुकानातल्या फोनवर निरोप आला. साहेब केबिनमध्ये गेले. बॉसने वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जोगळेकर, हा कट कुठला?" साहेब म्हणाले, "चिकपेठेतला." संध्याकाळी ते गाडीत होते. महिन्याने परत आले तेव्हा कोट घालूनच आले, थेट दुकानात. कुठेही चुणी नाही. दोन मशीनं विकून आले होते. कानपूरच्या एका शेठजीने मशीनच्या आधी कोटाची चौकशी केली म्हणे. पुढे त्यांच्या कारखान्यातले भरलेल्या अंगाचे चार साहेब ओळीने आले आणि म्हणाले, कुशीत कळीवाला. त्यांना आकडा विचारला की ते आपणच मोठ्याने सांगतात. ती जोगळेकर साहेबांचीच शिकवण.

धंद्यातला धडा म्हणाल तर एवढाच. माणसाला बरं वाटेल असं बोला, पण टेपवर जे दिसतंय तेच पुस्तकात जाऊ द्या. चार इंचांची रीत अण्णांनी त्याच दिवशी बंद केली. आता आकडा कागदावर लिहून पडद्याखालून सरकवतो. आमच्यापैकी कोणी ओरडत नाही.

राहिली मी खाल्लेली बोलणी. ती मला वाटलं होतं त्यावरून बसलीच नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी साहेब गेल्यावर अक्का माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हटलं, आता कापडाचं काढणार, कोटाचं काढणार, दुकानाच्या नावाचं काढणार.

"चार महिने," ती म्हणाली. "हा दिवसातून दहा वेळा जिना उतरतो, चढतो, असं समजून रोज संध्याकाळी मी याच्या गुडघ्यांना तेल चोळलं. माझे हात गेले. आणि हा वर बसून होता! कत्ते!"

तो "कत्ते", म्हणजे गाढव, कोणाला होता ते कळेना. अण्णा आणि मी दोघांनीही मान खाली घातली.

"आजपासून तू चोळ," ती मला म्हणाली आणि दुकानामागच्या स्वयंपाकघरात गेली.

मी तेलाची वाटी घेऊन बसलो. अण्णांनी धोतर वर केलं. थोडा वेळ चोळून घेतलं. मग कुजबुजले, "दत्तू, मजा नाही येत रे. अक्का चोळताना बोलते. त्याने बरं वाटतं. काढ की तिचा आवाज."

मी दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. मी घसा साफ केला.

"म्हातारा झालास तरी अक्कल नाही," मी अक्काच्या आवाजात सुरू केलं. "जिना काय तुझ्या सासऱ्याचा आहे? गुडघे मोडलेस तर..."

"...तर उचलून नेणार कोण?" वाक्य पुढे तसंच चालू राहिलं, तोच आवाज, तोच राग. "आणि हे दुसरं गाढव! चूक करून अजून पोट भरलं नाही? ऊठ! वाटी ठेव खाली! ऊठ म्हणते ना!"

माझं तोंड केव्हाच मिटलेलं होतं.